घरातलं म्हातारं माणूस पुन्हापुन्हा पडतंय? कारण शोधायचं कसं आणि बदलायचं काय

एकदा पडणं आणि वर्षाच्या आत दुसऱ्यांदा पडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वेळी ओली फरशी, पायात आलेलं मांजर, एसटीची उंच पायरी असं काही निमित्त खरंच असू शकतं. दुसऱ्यांदा पडल्यावर मात्र निमित्त सोडून कारण शोधायला लागावं. पासष्टीपुढच्या साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, आणि एकदा पडलेल्या माणसाचा पुन्हा पडण्याचा धोका दुप्पट होतो. तरी गावोगावी एकच उत्तर ऐकू येतं: "वय झालं आता." त्याच वयाची कितीतरी माणसं वावरात जाऊन येतात आणि पडत नाहीत. मग याच माणसाचा तोल का जातो, हे विचारायलाच पाहिजे.

उत्तर बहुधा एकट्या कारणात सापडत नाही. उन्हाळ्यात कमी प्यायलेलं पाणी, बीपीची गोळी, बधिर झालेले तळपाय आणि दिवा नसलेली न्हाणी, असं तीन-चार बाबींचं साटंलोटं असतं. त्यातल्या दोन जरी दूर केल्या तरी पडणं कमी होतं. खालचा क्रम मुद्दाम ठेवला आहे. रक्तदाब आणि गोळ्या आधी, कारण त्यांचा फरक आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतो. पायांतली ताकद यायला तीन महिने लागतात, म्हणून ते काम पहिल्या दिवसापासून सोबत चालू ठेवायचं.

आधी वही घ्या

दवाखान्यात "बाबा पडतात" एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. शाळेची जुनी वही घेऊन झालेल्या प्रत्येक पडण्याची नोंद करा: वेळ काय होती, पडण्याच्या आधीच्या मिनिटात माणूस काय करत होतं, कोणत्या बाजूला पडलं, पायात काय होतं, शेवटचं जेवण आणि शेवटची गोळी कधी घेतली, स्वतः उठता आलं का. आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: जमिनीवर आपटल्याचं आठवतं का?

आपटणं आठवत नसेल, "डोळे उघडले तर मी खाली होतो" असं सांगत असतील, तर ती शुद्ध हरपलेली असू शकते. हृदयाचे ठोके चुकणं किंवा मंदावणं हे त्यामागचं धोक्याचं कारण, म्हणून ईसीजी त्याच दिवशी काढायचा. गरज पडल्यास २४ तास ठोक्यांची नोंद ठेवणारं होल्टर मशीन लावतात.

बाकी नोंदी अशा वाचाव्यात. बाजेवरून उठल्यावर पहिल्या मिनिटात डोळ्यांपुढं अंधारी आली तर रक्तदाब. कुशीवर वळताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना खोली गरगर फिरली आणि मिनिटाच्या आत थांबली तर कानाचा तोल. चालताना वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊन मागं पडलं तर पार्किन्सनची, म्हणजे हालचाली मंद आणि ताठर करणाऱ्या मेंदूच्या आजाराची, शंका घ्या. फक्त दिवेलागणीनंतर किंवा अंधारातच पडत असेल तर नसा आणि डोळे. जेवणाला उशीर झाला, घाम फुटला, हातपाय थरथरले आणि पडलं, तर साखर उतरलेली. रात्री लघवी करता करता किंवा जोर लावून संडासला बसल्यावर पडलं, तर त्या क्षणी रक्तदाब खाली येतो.

चक्कर म्हटलं की मानेचा एक्स-रे काढून "मणके झिजलेत" सांगायची सवय फार पडली आहे. त्या वयात मणके जवळजवळ सगळ्यांचेच झिजलेले दिसतात, त्यावरून चक्करचं कारण ठरत नाही. मात्र पाय कडक पडत असतील, सदऱ्याची बटणं लावता येईनाशी झाली असतील, तर मानेत मज्जारज्जू दबल्याची शक्यता असते. तिथं एमआरआय लागतोच, आणि उशीर चालत नाही.

उभं राहून बीपी मोजा

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त राहून जाणारी तपासणी ही. दवाखान्यात बीपी खुर्चीवर बसवून मोजतात. तोल जातो तो उभं राहिल्यावर.

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. माणसाला पाच मिनिटं शांत आडवं झोपू द्या आणि बीपी मोजा. मग उभं करा, एका मिनिटात पुन्हा मोजा, तीन मिनिटं झाल्यावर आणखी एकदा. उभ्याने मोजताना हात लोंबता ठेवू नका, छातीच्या उंचीवर आधार द्या. लोंबत्या हाताचा आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त येतो आणि घसरण लपते. एक जण शेजारी उभा पाहिजे, मागं बाज किंवा खुर्ची पाहिजे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहिल्यावर रक्तदाब पडतोय असं समजावं. समजा झोपून १६० आणि उभ्याने १३०. दोन्ही आकडे सुटे पाहिले तर कोणाला काही वाटणार नाही, पण ती ३० ची घसरण माणसाला खाली आणते. ही मोजणी सकाळी गोळीच्या आधी आणि गोळीनंतर दीड-दोन तासांनी, अशी तीन दिवस करून वहीत लिहा.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर जातो. त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच बंद. ही जोडी उन्हाळ्यात नेमानं माणसं पाडते. पाणी बंद करू नका, त्याची वेळ बदला: दिवसभरात जास्त, संध्याकाळी सातनंतर थोडंसं. सकाळी अंथरुणातच दोन पेले पाणी प्यायचं, घोट्यातून पाय वीस वेळा वरखाली करायचे, बाजेच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, मगच उठायचं. हृदय किंवा किडनीच्या आजारात पाण्याचं माप डॉक्टरांनी बांधून दिलेलं असतं, तिथं त्यांना विचारल्याशिवाय वाढवू नका. बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करणंही तितकंच घातक आहे. वहीतले आकडे दाखवा, डॉक्टर मात्रा किंवा वेळ बदलतील.

गोळ्यांची पिशवी रिकामी करा

घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात ओता. डॉक्टरांनी लिहिलेल्या, मेडिकलवरून तोंडी मागून आणलेल्या, जत्रेत घेतलेलं चूर्ण, सुनेच्या सर्दीच्या उरलेल्या, सगळ्या. रोजच्या गोळ्या चार किंवा त्याहून जास्त असतील तर पडण्याचा धोका वाढतो. प्रत्येक पाकिटामागं बारीक अक्षरात असलेलं औषधाचं मूळ नाव वाचा. एक गोळी गावातल्या डॉक्टरांची, एक लातूरच्या तज्ज्ञांची, कंपन्या दोन आणि आतलं औषध एकच, हे फार वेळा सापडतं.

झोपेची अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम ही यादीतली पहिली संशयित. क्लोनाझेपामचा अंमल सकाळी उठल्यावरही उतरलेला नसतो. पण वर्षानुवर्षं चालू असलेली ही गोळी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, ती आठवड्या-आठवड्यानं डॉक्टरांच्या सांगण्यावरून उतरवायची. पायाच्या जळजळीसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, बीपीची प्राझोसिन या उभं राहताना रक्तदाब पाडतात. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन गुंगी आणतं, शिवाय म्हाताऱ्या पुरुषाची लघवीही अडकवतं. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन साखर खाली आणतात. एकादशीला उपास धरायचा आणि साखरेची गोळी नेहमीसारखीच घ्यायची, हे माळकरी घरांत सर्रास होतं. उपासाच्या दिवशीची मात्रा आधीच ठरवून घ्या.

चक्करच्या गोळीबद्दल वेगळं सांगायला हवं. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन पाच-सात दिवसांसाठी दिलेली असते आणि घरात ती वर्षभर चालते. महिनोन्महिने घेतल्यास या गोळ्या पार्किन्सनसारखा कडकपणा आणतात, पावलं घासत पडू लागतात आणि पडणं वाढतं. कुशीवर वळताना येणारी गरगर कानातले सूक्ष्म कण जागेवरून हलल्यानं येते. तिला डोकं ठरावीक क्रमानं वळवायची एप्लीची पद्धत लागते. कान-नाक-घसा तज्ज्ञ ती पाच-दहा मिनिटांत करतात, आणि पुष्कळदा एकाच वेळेत आराम पडतो.

गुडघेदुखीवरच्या बेनामी पुड्या बंद करा. काहींत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दुखणं जादूसारखं थांबतं आणि वर्षभरात मांड्यांचे स्नायू आणि हाडं दोन्ही झिजतात. मात्र अशी पुडी महिनोन्महिने पोटात गेली असेल तर एका दिवसात तोडू नका, पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. दारूचा प्रश्न असेल तर तोही वहीत लिहा, लपवून उपयोग नाही.

तळपायाला जमीन कळते का

"चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही." हे वाक्य घरात ऐकू आलं की बधिरपणा धरून चाला. मधुमेह हे एक कारण, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता दुसरं. माळकरी, अंडी-मांस न खाणारं आणि दूध-दहीही जेमतेम घेणारं माणूस, त्यात अनेक वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू, तिथं बी-१२ तपासलंच पाहिजे. ही कमतरता भरून काढता येते, पण उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. घरी पाहायचं असेल तर पाय जुळवून उभं करा आणि डोळे मिटायला सांगा, दोन्ही बाजूंनी आधाराला हात तयार ठेवा. डोळे उघडे असताना ठीक आणि मिटताच झोक जात असेल, तर ते माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभं आहे. रात्री लाईट गेली की ते पडणार.

पादत्राण: झिजलेली स्पंजची चप्पल घराबाहेर फेकून द्या. मागं पट्टा असलेली, पातळ पण टणक तळाची, पंजाला रुंद सँडल घ्या, आणि माप संध्याकाळी पाय सुजलेले असताना घ्या. पावसाळ्यात काळी माती तळाला चिकटून पाय जड होतो आणि घराच्या पायरीवर तोच घसरतो. ओसरीला पाय पुसायची जागा आणि धरायला काहीतरी आधार ठेवा. नखं, भोवऱ्या, टाचेच्या भेगा यांकडे महिन्यातून एकदा घरातल्याच कोणी बघावं.

डोळ्यांबाबत दोन गोष्टी. मोतीबिंदू पिकायची वाट पाहायची गरज आता राहिलेली नाही, दिसायला अडचण झाली की शस्त्रक्रिया करता येते. आणि दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहिलं की पायरी धूसर दिसते, कारण खालचं भिंग वाचायचं असतं. जिना उतरायला आणि बाहेर फिरायला फक्त लांबचा वेगळा चष्मा करून घ्या. नंबर एकदम खूप बदलला असेल तर पहिले काही आठवडे अंतराचा अंदाज चुकतो, तेव्हा सोबत राहा.

पायांतली ताकद मोजा आणि वाढवा

हात नसलेली, साधारण गुडघ्याच्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा. हातांची घडी छातीवर. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयात पुरुषाला १२ पेक्षा आणि बाईला १० पेक्षा कमी जमलं, ८० ते ८४ वयात पुरुषाला १० पेक्षा आणि बाईला ९ पेक्षा कमी जमलं, तर मांड्या कमजोर आहेत. हाताचा आधार घ्यावाच लागला तर शून्य धरा. दुसरी चाचणी: खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका. तिसरी: एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून सरळ रेषेत उभं राहायचं. १० सेकंद जमलं नाही तर तोल कच्चा आहे.

व्यायाम तेच, चाचणीसारखे. खुर्चीतून उठ-बस १० वेळा, थांबून पुन्हा १०. ओट्याला धरून टाचा वर उचलणं १०, पंजे वर उचलणं १०. पाय बाजूला नेणं प्रत्येकी १०. मग ओट्याला हात टेकवून टाचेला अंगठा लावत दहा पावलं. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. सोपं वाटू लागलं की घोट्याला अर्धा किलो वाळूची कापडी पिशवी बांधा, पुढं एक किलोपर्यंत जा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात बसवलेला कार्यक्रम याच धर्तीचा आहे आणि त्यानं पडणं जवळपास एक तृतीयांशानं कमी होतं. सगळे चुकतात ते इथं: ताकदीचे व्यायाम सोडून "रोज फिरा" एवढाच सल्ला दिला जातो. ज्याचा तोल कच्चा आहे त्याला नुसतं भरभर चालायला लावलं तर पडायची संधीच वाढते.

व्यायामाला खाणं हवं. दर किलो वजनामागं दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. दात नसल्यानं चहात बुडवलेली भाकरी एवढाच आहार उरला असेल तर ते जमत नाही. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, पिठलं, शेंगदाण्याचं कूट, चालत असेल तर रोज दोन अंडी. किडनीचा आजार असेल तर आधी विचारा.

बाजेपासून संडासापर्यंतची वाट

घरभर बदल करायला पैसे नसतील तर फक्त रात्रीची ही वाट नीट करा. झोळ पडलेली बाज उठताना माणसाला मागं खेचते, नवार ताणून घ्या किंवा खाली विटा लावून कड गुडघ्याच्या उंचीवर, साधारण ४५ सेंटीमीटरवर आणा. लाईट जाते, म्हणून चार्जिंगचा एलईडी दिवा उशाशी आणि दुसरा न्हाणीच्या दाराशी. उंबऱ्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठसठशीत पट्टा मारा. दारातलं घडी केलेलं पोतं काढा, अंगठा त्यातच अडकतो.

न्हाणीतली शहाबादी फरशी पावसाळ्यात शेवाळते. मूठभर ब्लीचिंग पावडर बादलीभर पाण्यात कालवून पसरा, २० मिनिटांनी खराट्यानं घासून धुवा. फरशी धुवायचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. बसक्या पाटाऐवजी रबरी बुडाचं उंच स्टूल. भिंतीत ८० ते ९० सेंटीमीटर उंचीवर मुठीत मावेल असा स्टीलचा दांडा विटेत अँकर बोल्टनं पक्का बसवा. टॉवेलचा रॉड आणि नळ हे धरायचे आधार नव्हेत, पडताना ते उपटून हातात येतात. भारतीय संडासातून उठणं दुखऱ्या गुडघ्यांना जमत नसेल तर भांड्यावर ठेवायची लोखंडी कमोड खुर्ची मिळते. पाणीटंचाईत हौदातून कळशी भरून आणायचं काम म्हाताऱ्यांकडून काढून घ्या, एका हातातलं वजन तोल एका बाजूला ओढतं.

काठीची उंची: चप्पल घालून सरळ उभं राहावं, हात सैल सोडावा, मूठ मनगटाच्या रेषेला यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. टोकाचं रबरी बूच झिजलं की बदला, गुळगुळीत बुचाची काठी ओल्या फरशीवर माणसाला घेऊनच घसरते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीला एकरकमी ३००० रुपये मिळतात, समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

तरीही पडलं तर

ओढून उठवू नका. आधी विचारा कुठं दुखतंय. एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय आणि पाय उचलता येत नाही, तर खुबा मोडलाय असंच समजा. तेल-मालीश नको, हाडवैद्य नको, १०८ ला फोन. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत झाली तर छातीचा संसर्ग आणि अंथरुणावरच्या जखमा कमी होतात. डोक्याला मार लागला आणि क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर माणूस ठणठणीत दिसत असलं तरी त्याच दिवशी सीटी स्कॅनसाठी न्या. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही वेळा आठवड्यांनंतरही उघडकीला येतो: वाढती झोप, गोंधळ, एका बाजूचा हात हळू चालणं.

काही मोडलेलं नसेल तर उठायची पद्धत आधीच शिकवून ठेवा. कुशीवर वळायचं, हातावर रेटून रांगायच्या स्थितीत यायचं, रांगत बाजेपर्यंत जायचं, दोन्ही हात तिच्यावर, बळकट पाय पुढं, मग वर. ही रंगीत तालीम बरं असतानाच घ्या.

बीड आणि धाराशिवकडची हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि आजी-आजोबा घरी एकटे राहतात. अशा घरी खरा धोका तासन्‌तास तसंच पडून राहण्याचा असतो. बटणांचा मोबाईल गळ्यात बांधा, आणि सकाळ-संध्याकाळ हाक मारायची जबाबदारी एका शेजाऱ्यावर नाव घेऊन सोपवा. "सगळे आहेत लक्ष द्यायला" म्हणजे कोणीच नाही. याच भागात कमी वयात गर्भपिशवी काढलेल्या बायका आता साठीकडे चालल्या आहेत. सोबत अंडाशयही काढलेलं असेल तर हाडांची झीज फार लवकर सुरू होते, त्यांची हाडं पडायच्या आधीच तपासून घ्या.

उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं असेल तर ते ठिसूळ हाडच समजायचं, आणि प्लास्टर निघालं की उपचार संपले असं मानायचं नाही. नुसती कॅल्शियमची गोळी पुरत नाही, हाड बळकट करणारं औषध हवं का हे डॉक्टरांना थेट विचारा. वही, ताटातल्या सगळ्या गोळ्या आणि उभ्याचे बीपीचे आकडे घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर यांपैकी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागाच्या ओपीडीत जा. तीन महिन्यांनी खुर्चीची चाचणी पुन्हा घ्या आणि आकडा त्याच वहीत पहिल्या आकड्याशेजारी लिहा.